परसंस्कृतीचें अध्ययन

आमची नात गेल्या वर्षापासून अमेरिकेंतील एका लहानशा लिबरल आर्ट्स कॉलेजांत गणित शिकत आहे. अशा महाविद्यालयांत गणिताच्या विद्यार्थ्यासही इतिहास, वाङ्मय, तत्त्वज्ञान यांपैकीं कांहीं विषय घ्यावे लागतात. यंदा तिनें इस्लाम धर्म व मुसलमानी संस्कृति हा विषय घेतल्याचें कळतांच घरांत मोठीच चर्चा माजली. "इतके विषय असतां हाच कां?" असें तिच्या आजीनें विचारलें. "देवळांचा विध्वंस विसरली वाटतें!" असें आमचे धाकटे बंधु म्हणाले. आम्हींही प्रथम विषय बदलण्याचीच आज्ञा केली, हें येथें कबूल केलें पाहिजे.

नातीचें उत्तर नम्र होतें, परंतु त्यांत एक प्रश्न होता : "आजोबा, अल्-बेरुनीचें नांव तुम्हींच आम्हांला आदरानें सांगितलें. त्यानें आपलीं शास्त्रें वाचलीं तें चांगलें, तर मीं त्यांचीं वाचणें वाईट कसें?"

आम्ही निरुत्तर झालों. इ. स. 973 मध्यें ख्वारिज्म प्रांतांत जन्मलेला हा पंडित गझनीच्या महमुदाच्या पदरीं होता. त्यानें संस्कृत शिकून आमच्या ज्योतिषाचें व दर्शनांचें परिशीलन केलें, पातंजल योगाचें अरबींत भाषांतर केलें, आणि 1030 च्या सुमारास हिंदुस्थानावरील आपला ग्रंथ सिद्ध केला. खंडन करणें हा आपला हेतु नसून हिंदूंचीं मतें जशींच्या तशीं मांडावयाचीं आहेत, असें तो आरंभींच सांगतो. महमुदानें केलेला विध्वंसही तो झांकून ठेवीत नाहीं.

नातीच्या वर्गांत शिकागो विश्वविद्यालयांतील अध्यापक मार्शल हॉजसन यांचा त्रिखंडात्मक ग्रंथ लावलेला आहे. तेथील विद्यार्थ्यांस हा विषय शिकवितां शिकवितां तो तयार झाला. ग्रंथकर्ते 1968 सालीं 46 व्या वर्षीं वारले, व ग्रंथ 1974 सालीं प्रसिद्ध झाला. धर्म निराळा आणि त्या धर्माच्या लोकांचें प्राबल्य असलेल्या समाजांत वाढलेली संस्कृति निराळी, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. या दुसऱ्या अर्थासाठीं त्यांनीं 'इस्लामिकेट' असा नवा शब्दच बनविला. तें यथार्थच होय. गॅलेनचे वैद्यकग्रंथ भाषांतरित करणारा बगदादचा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता. मायमोनिडीज या यहुदी पंडितानें आपला प्रमुख तत्त्वज्ञानग्रंथ अरबी भाषेंतच लिहिला. नवव्या शतकांतील अल्-ख्वारिज्मीनें भारतीय अंकगणितावर ग्रंथ रचला, आणि त्याच्याच दुसऱ्या एका ग्रंथाच्या नांवावरून बीजगणितास युरोपांत 'अल्जिब्रा' म्हणूं लागले. म्हणजे नात आपल्या गणिताच्याच घराण्याचा इतिहास वाचीत आहे!

आम्हीं तीस वर्षें शाळेंत 'मुसलमानी अंमल' शिकविला तो लढाया, वेढे व विध्वंस यांच्या सनावळीपुरता. ती सनावळी खोटी नव्हती. तिच्यावर पांघरूण घालावें असेंही आम्ही म्हणत नाहीं. परंतु समोरील मुलांच्या पाठीवरचें 'दप्तर', त्यांच्या बापांची 'जमीन', पालकांनीं रजेसाठीं लिहिलेला 'अर्ज', हे शब्द फारसी-अरबींतून आपल्या घरांत आले, हें आम्हीं एकदांही सांगितलें नाहीं. अर्धेंच शिकविणारा शिक्षक विद्यार्थ्यांचा ऋणी राहतो.

आम्हीं आज्ञा मागें घेतली आहे. अट एकच घातली : स्तुति किंवा निंदा करण्यासाठीं वाचूं नये, समजण्यासाठीं वाचावें, आणि अप्रिय प्रकरणें गाळूं नयेत. बंधूंचें समाधान अद्याप झालेलें नाहीं. त्यांचा प्रश्नही खरा आहे. त्याचें उत्तर सुटींत घरीं आल्यावर नातीनें स्वतःच द्यावें, असें ठरलें आहे.