रुग्णाच्या उशाशी असलेली कळ

विजेच्या मोटारीने वर-खाली होणारा पलंग ही धनिकांची चैन आहे, असा जो समज आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत रूढ आहे, तो निरोगी तरुणापुरता खरा मानला, तरी अंथरुणास खिळलेल्या वृद्धाच्या बाबतीत सर्वथैव त्याज्य होय, असे माझे निश्चित मत आहे.

रुग्णसाहित्याच्या दुकानांत ज्यास 'फाउलर' म्हणतात, त्या पलंगास हे नाव ब्रुकलिनचे शल्यविशारद जॉर्ज रायर्सन फाउलर यांच्यावरून पडले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णास डोक्याकडून उंच ठेवावे असा त्यांचा आग्रह होता, आणि पुढे १९०९ साली विलिस गॅच या अमेरिकन शल्यविशारदाने डोके व गुडघे निरनिराळे उचलणाऱ्या पलंगाची तजवीज केली. केवळ पाठ उचलली, तर देह खाली घसरतो, त्वचा चादरीशी ओढली जाते आणि माकडहाडापाशी शय्याव्रणास वाट मिळते. सबब दीर्घ मुदतीच्या आजारात, स्वस्त म्हणून, एकाच हँडलचा, केवळ पाठ उचलणारा 'सेमी-फाउलर' घेणे अहिताचे.

परंतु हाताने चालणाऱ्या पलंगाचे हँडल पायथ्याशी असते, आणि ते फिरविण्यास सुनेला वा मुलाला हाक मारणे प्राप्त असल्यामुळे, मध्यरात्री धाप लागलेले आजोबा, आपल्यापायी घराची झोपमोड नको म्हणून, पहाटेपर्यंत तसेच तळमळत राहतात. विजेच्या पलंगाचा रिमोट उशाशी असला, म्हणजे तेच आजोबा कोणाचे मिंधे न होता उठून बसतात. परावलंबनाचे दुःख व्याधीच्या दुःखाहून पुष्कळदा अधिक असते, आणि या यंत्राचे खरे मोल मला येथेच दिसते. पलंगाची उंचीही वाढविता येत असेल, तर अंग पुसणाऱ्या सुनेची कंबरही वाचते.

वीज गेली तर पलंग कोसळेल ही धास्ती बहुधा निराधार आहे, कारण मोटारीचा आटेदार दांडा स्वतःच भार धरून ठेवतो; मात्र वर झालेला पलंग अंधारात खाली आणण्यास बॅटरीची किंवा हाताच्या हँडलची सोय आहे की नाही, याची खातरजमा अवश्य करावी. काथ्याची ताठ गादी त्यावर चालत नाही, वाकणारी फोमची हवी. बॉक्स पलंगाच्या पोटात मावणारी पांघरुणे अन्यत्र हलवावी लागतील, आणि घरात लहान मूल असल्यास रिमोट कुलूपबंद करता येणारा घ्यावा.

मुंबई-पुण्यात असे पलंग मासिक भाड्याने मिळतात. खरेदीची घाई न करता प्रथम एक महिना भाड्याने आणा, आणि निर्णय घेताना, ज्याला त्यावर निजायचे आहे, त्याचे मत सर्वांआधी विचारा.