एकाच खोलीत दोन बिऱ्हाडे

गेल्या भाद्रपदात आमच्या आईने एके दिवशी जाहीर केले, की यापुढे धाकट्याशी बोलायचे नाही. धाकटा, म्हणजे माझा भाऊ, मेलबर्नला असतो. दर रविवारी दुपारी तो टॅबलेटवर आईला दर्शन देतो. पण ओळीने चार रविवार असे झाले, की गप्पा रंगात याव्यात आणि त्याचा चेहरा थिजावा. ''म्हातारीचा कंटाळा येत असेल रे त्याला. बटण दाबत असेल,'' आई म्हणाली आणि जपमाळ घेऊन बसली.

मी मराठीचा प्राध्यापक. मला दोष दिसतात ते व्याकरणातले. शेवटी शेजारच्या एका विद्यार्थ्याला विचारले. तो म्हणाला, ''सर, त्या वेळी घरात आणखी काय चालू असतं?''

मी चपापलो. रविवारी दुपारी मी प्रश्नपत्रिका छापायला प्रिंटर लावतो!

घरातले प्रत्येक यंत्र आपल्या आय-पी पत्त्याने ओळखले जाते. राउटर हा एकाच वेळी घरमालक आणि पोस्टमन. नव्या यंत्राला रिकामी खोली तोच देतो. या पद्धतीला डी-एच-सी-पी म्हणतात. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते १९९४ पासून खाजगी वापरासाठी राखीव आहेत, म्हणून ते घरोघरी तेच असतात. त्याने बिघडत नाही. पाच नंबरची खोली सदाशिव पेठेतल्या वाड्यातही असते आणि कसब्यातल्याही. भांडण होते ते एकाच वाड्यात एक खोली दोन बिऱ्हाडांना दिली तर. (एकाच नावाची अनेक गावे असल्याने पत्रे भलतीकडे जात, म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित होते, हे आठवून मला जरा धीर आला.)

राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीतला पत्ता आणि परवलीचा शब्द घालून आम्ही त्याचे दफ्तर उघडले. भाडेकरूंच्या यादीत आईचा टॅबलेट होता, शेवटचा आकडा ५. प्रिंटर यादीत नव्हताच! त्याच्या स्वतःच्या पडद्यावर पाहिले, तर तिथेही ५. दोन वर्षांपूर्वी तो आकडा मीच हाताने घालून ठेवला होता, राउटरला न विचारता. प्रिंटर बंद असताना बिचाऱ्याने खोली रिकामी समजून टॅबलेटला दिली. मी प्रिंटर लावला की आईची पत्रे माझ्या प्रिंटरच्या दारात पडू लागत.

राउटर २ पासून २५४ पर्यंत कुठलीही खोली देत होता. आम्ही त्याला ५० पासून पुढे द्यायला सांगितले, प्रिंटरला २० वर बसवले, तो आकडा दुसऱ्या कुणाकडे नाही हे यादीत ताडून पाहिले आणि टॅबलेट बंद करून पुन्हा चालू केला.

आईला समजावणे अवघड गेले. पण पुढच्या रविवारी तिला टॅबलेटसमोर बसवले आणि मुद्दाम प्रिंटर लावला. कागदांमागून कागद खडखडत बाहेर येत होते. अनारशांचे पीठ या खेपेला कसे सैल झाले, हे ती भावाला सांगत राहिली. पाऊण तास झाला. मग मागे वळून मला म्हणाली, ''ते तुझं यंत्र बंद कर बघू. त्याचं बोलणं नीट ऐकू येत नाही.''