विश्लेषण : एअरसॉफ्टच्या मैदानावर नंबरचा चष्मा पुरेसा का नाही?

ब्रिटन किंवा अमेरिकेत शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांना मित्रांबरोबर, ऑफिसच्या टीमबरोबर एअरसॉफ्ट खेळण्याचे निमंत्रण कधी ना कधी येते. मैदानात शिरण्यापूर्वी प्रत्येकाच्या हातात गॉगल दिला जातो आणि चष्मा लावणाऱ्याची पंचाईत तिथूनच सुरू होते. चष्मा ठेवला तर गॉगल नीट बसत नाही, काढला तर समोरचे दिसत नाही. मग ‘चष्मा आहेच की डोळ्यांवर’ म्हणत सैल गॉगलवर वेळ मारून नेली जाते. या खेळात सर्वांत महागात पडू शकणारी चूक हीच आहे.

एअरसॉफ्ट म्हणजे काय?

खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या प्रतिकृतीतून प्लास्टिकच्या बारीक गोळ्या झाडण्याचा हा खेळ. तो १९७०च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला. तिथे खरी शस्त्रे बाळगण्यावर कडक बंधने असल्याने प्रतिकृतींना मागणी होती. गोळी साधारण ६ मिलिमीटर व्यासाची असते आणि सर्वाधिक वापरली जाणारी ०.२ ग्रॅम वजनाची. अंगावर लागली तर चिमटा काढल्यासारखे वाटते, फार तर वळ उठतो. म्हणूनच नवख्याला हा खेळ निरुपद्रवी वाटतो. डोळ्याच्या बाबतीत मात्र हिशेब पूर्ण बदलतो.

एक ज्यूल म्हणजे नेमके किती?

०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाली तर तिच्यात १ ज्यूल ऊर्जा असते. जपानच्या कायद्यातील मर्यादा याच्याच आसपास आहे. ब्रिटनमध्ये २०१७च्या कायद्याने सलग गोळ्या झाडणाऱ्या प्रतिकृतीसाठी १.३ ज्यूल आणि एकेक गोळी झाडणाऱ्या प्रतिकृतीसाठी २.५ ज्यूल ही कमाल मर्यादा ठरवली.

आता नेहमीच्या चष्म्याकडे पाहू. अमेरिकेत चष्म्याच्या भिंगासाठी जी आघात चाचणी आहे, तिच्यात सुमारे १६ ग्रॅमचा पोलादी गोळा १२७ सेंटिमीटर उंचीवरून भिंगावर सोडतात. या आघाताची ऊर्जा भरते जेमतेम ०.२ ज्यूल. म्हणजे जवळून आलेली एअरसॉफ्टची गोळी त्याच्या पाचपट किंवा त्याहून अधिक ऊर्जा घेऊन येते. शिवाय साध्या चष्म्याला बाजूने आणि खालून मोकळी जागा असते. भिंग टिकले तरी गोळी फटीतून आत जाऊ शकते आणि भिंग फुटले तर त्याचेच तुकडे डोळ्याच्या सर्वांत जवळ असतात.

डोळ्याला काय इजा होऊ शकते?

बुबुळावरचा पारदर्शक पडदा खरवडला जाणे ही त्यातल्या त्यात सौम्य इजा. जोराचा मार बसला तर डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साकळते, नैसर्गिक भिंग गढूळ होऊन मोतीबिंदू होतो, दृष्टिपटल फाटू शकते. डोळ्यातील दाब वाढून काही वर्षांनी काचबिंदू झाल्याचेही प्रकार वैद्यकशास्त्राला परिचित आहेत.

यात एक विसंगती आहे. ज्यांचा उणे नंबर मोठा, त्यांचा डोळा लांबट असतो आणि दृष्टिपटल ताणले गेल्याने ते फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका मुळातच जास्त असतो. म्हणजे ज्यांना गॉगल घालणे सर्वांत अडचणीचे, त्यांनाच त्याची सर्वाधिक गरज. लेसिक शस्त्रक्रियेने चष्मा घालवलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. शस्त्रक्रियेत उचललेला पातळ पापुद्रा जोराच्या माराने सरकू शकतो.

गॉगलवरच्या खुणा कशा वाचायच्या?

गॉगल मजबूत दिसतो, यावर विश्वास ठेवू नये. त्यावरची खूण पाहावी. अमेरिकी मानकात ‘झेड८७’ आणि पुढे अधिकचे चिन्ह असेल, तर तो वेगवान आघाताच्या चाचणीत उतरला आहे. अधिकचे चिन्ह नसेल तर ही चाचणी झालेली नाही, असे समजावे. नंबरच्या भिंगांसाठी बनवलेल्या फ्रेमवर ‘झेड८७-२’ असे लिहिलेले असते. खास एअरसॉफ्टच्या गॉगलसाठी ‘एएसटीएम एफ२८७९’ हे स्वतंत्र मानकही आहे.

युरोपात वर्षानुवर्षे चालत आलेल्या ‘ईएन १६६’ मानकात अक्षरांना महत्त्व आहे. ‘एफ’ म्हणजे ०.८६ ग्रॅमचा पोलादी छर्रा सेकंदाला ४५ मीटर वेगाने आदळला तरी टिकणारा. ही ऊर्जा सुमारे ०.९ ज्यूल. ‘बी’ म्हणजे हाच छर्रा १२० मीटर वेगाने, अर्थात सुमारे ६ ज्यूल. मेख अशी, की चष्म्याच्या आकाराच्या संरक्षकाला या मानकात ‘एफ’च्या वरची श्रेणी मिळतच नाही. ‘बी’ श्रेणी चेहऱ्याला सर्व बाजूंनी टेकणाऱ्या गॉगलला मिळू शकते. पोलाद आणि प्लास्टिक यांची थेट तुलना होत नसली, तरी ब्रिटनमधील १.३ आणि २.५ ज्यूलच्या मर्यादा पाहता ‘बी’ हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो.

चष्मा असणाऱ्यांपुढे पर्याय कोणते?

पहिला पर्याय चष्म्यावरून घालायच्या मोठ्या गॉगलचा. तो स्वस्त आणि एखाद्या वेळच्या खेळासाठी सोयीचा. मात्र चष्म्याची दांडी गॉगलची कड उचलून धरत नाही ना, हे बोट फिरवून पाहावे लागते. कड उचललेला गॉगल म्हणजे उघडी खिडकी.

दुसरा पर्याय इन्सर्टचा. गॉगलच्या आत बसणारी छोटी फ्रेम नंबरची भिंगे लावून घेतली की आघात बाहेरची काच झेलते आणि नंबरचे काम आतली भिंगे करतात. नियमित खेळणाऱ्यांसाठी हा चांगला मार्ग आहे. आतली भिंगेही पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्सची घ्यावीत. चष्म्याच्या नंबरासोबत दोन्ही बाहुल्यांमधील अंतर, म्हणजे पीडी, मोजून घ्यावे. नंबर चारपेक्षा जास्त असेल तर भिंग डोळ्यापासून किती अंतरावर बसते, यानेही दिसण्यात फरक पडतो. तेव्हा फ्रेम सोबत घेऊनच नेत्रतपासणी करावी.

तिसरा पर्याय नंबरची भिंगे थेट बसवलेल्या, चेहऱ्याला टेकणाऱ्या गॉगलचा. नजर चांगली मिळते, पण खर्च जास्त आणि नंबर बदलला की तो पुन्हा करावा लागतो. चौथा पर्याय कॉन्टॅक्ट लेन्सचा. त्यांनी दृष्टीचा प्रश्न सुटतो, संरक्षणाचा नाही. त्यावर गॉगल हवाच. शिवाय धूळ, चिखल असलेल्या मैदानावर सुटे थेंब आणि चष्मा जवळ ठेवावा.

खरा शत्रू : काचेवर धरणारी वाफ

गॉगल घातलेला असूनही डोळे धोक्यात येतात ते बहुतेकदा वाफेमुळे. धावपळीने अंग तापते, घामाची दमट हवा गॉगलमध्ये कोंडते आणि थंड काचेवर तिचे दव होते. इन्सर्ट किंवा चष्मा आत असेल तर वाफ धरायला आणखी दोन पृष्ठभाग मिळतात. मग खेळाडू सहज, क्षणभरासाठी गॉगल कपाळावर सरकवतो. समोरच्या झुडपाआड बसलेल्याला ते कळतही नाही.

यावर उपाय आहेत. मध्ये हवेची पोकळी असलेली दुहेरी काच आतून लवकर थंड होत नाही. बारीक पंखा बसवलेले गॉगलही मिळतात. वाफरोधक द्रव आतल्या भिंगांनाही लावावा. जाळीच्या गॉगलवर वाफ धरत नाही. मात्र गोळी फुटली तर तिचे कण जाळीतून आत येऊ शकतात. उपाय कोणताही असो, नियम एकच : काही दिसेनासे झाले तर हात वर करून बाद व्हावे, सुरक्षित क्षेत्रात जावे आणि मगच गॉगल काढावा. एक डाव गेला तरी बिघडत नाही.

जबाबदारी केवळ खेळाडूची आहे का?

नाही. नावनोंदणीच्या अर्जात ‘चष्मा लावता का?’ हा एक प्रश्न असला, चष्म्यावरून बसतील असे काही गॉगल भाड्यासाठी ठेवले आणि मैदानात शिरताना प्रत्येकाची कड तपासली, तर आयोजकांचा खर्च फारसा वाढत नाही. चष्मा असणाऱ्यालाच दरवेळी ‘अडचण’ समजले गेले की तो आपली गरज सांगायला संकोचतो आणि सैल गॉगल मुकाट घालतो.

हे आपल्याकडेही लागू आहे. पुणे-मुंबई परिसरात सहलींमध्ये पेंटबॉल खेळला जातो. त्यातील सुमारे ३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८५ ते ९० मीटर वेगाने येते तेव्हा तिची ऊर्जा ११ ते १२ ज्यूल असते, म्हणजे एअरसॉफ्टच्या दहापट. तिथे एअरसॉफ्टचा गॉगल चालत नाही; पेंटबॉलसाठीच बनवलेला, पूर्ण चेहरा झाकणारा मास्क लागतो.

मार लागलाच तर?

डोळा चोळू नये, दाबू नये, मनाने औषधाचे थेंब घालू नयेत. डोळ्यावर दाब येणार नाही अशा बेताने कागदी कपासारखे कडक आवरण धरावे आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. वेदना कमी झाली म्हणून तपासणी टाळू नये. दृष्टिपटलाची इजा अनेकदा दुखत नाही. जोराचा मार झेललेला गॉगल वरून धड दिसला तरी बदलावा. चष्म्याच्या दुकानात पाच मिनिटे जास्त घालवून नंबरसोबत पीडी लिहून घेतली, तर पुढच्या खेळाची अर्धी तयारी तिथेच होते.