डाव कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो, 2019 च्या ऑगस्टमधला सांगली-कोल्हापूरचा महापूर डोळ्यांपुढे ठेवून आम्ही घरोघर खेळायचे पत्ते तयार करतो आहोत. उतारी आपत्तीची: 'मध्यरात्री पाणी उंबऱ्याशी आलं.' मग ज्याने त्याने आपलं पान टाकायचं. सासूबाईंची औषधं, तान्हं मूल, गुरांची दावी सोडणं, 112 ला फोन, रेशनकार्ड, सातबारा. (सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं, पण तो भिजू द्यायचा नाही तिनेच!) चाचणीच्या डावात निम्म्याहून जास्त पानं आईपाशीच जमली. म्हणून नियम केला: एका हातात तीनच पानं. 'पाळीचे कपडे' हे पान मी हट्टाने घातलं. ते भावानेही उचलायचं. शिबिरात पुरुषांना बसवून खेळा, आणि कुठलं पान कुणी टाळलं ते कळवा.