पिवळ्या पडद्यावरचा निळा रंग



गेल्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी सकाळी विहारात ठरला होता. आईचा मोठा फोटो आपणच करायचा, दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा नाही, असा भाच्याचा हट्ट होता. मुलगा कामाचा आहे. गुलमंडीकडच्या एका दुकानात तो फ्लेक्स आणि लग्नाचे अल्बम करतो. शुक्रवारी रात्री दोन वाजेपर्यंत संगणकासमोर बसून त्याने फोटो तयार केला आणि शनिवारी दुपारी छापून, चौकटीत बसवून घरी आणला.

वरचा कागद काढला आणि घरात कोणी बोलेना. बहिणीची पांढरी साडी निळीच्या पाण्यात दोनदा बुडवल्यासारखी झाली होती. तिचा सावळा, तुकतुकीत चेहरा राखेसारखा दिसत होता. धाकटी भाची बराच वेळ पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "दादा, ही आई नाही रे." भाच्याचे डोळे भरून आले. मला म्हणाला, "मामा, स्क्रीनवर बरोबर दिसत होतं हो. आईच दिसत होती."

वाचकहो, दोघेही खरेच बोलत होते. मग चूक झाली कुठे? भाच्याच्या संगणकात कोपऱ्यात एक लहानशी खूण चालू होती. तिला 'नाइट लाइट' म्हणतात. संध्याकाळ झाली की पडद्यावरचा निळा प्रकाश आपोआप कमी व्हावा अशी ती सोय. एकदा चालू करून ठेवली की सूर्यास्ताला लागते आणि सूर्योदयाला बंद होते. भाच्याने ती कधीतरी डोळ्यांच्या काळजीपोटी चालू केली होती आणि नंतर विसरून गेला होता. आज आपल्या वस्तीतली कितीतरी मुले-मुली याच धंद्यात आहेत. घरोघरी मोबाइलवर फोटो सुधारणारे तर विचारूच नका. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

संगणकाच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका तीन रंगांच्या प्रकाशाने बनतो: तांबडा, हिरवा आणि निळा. प्रत्येकाला शून्यापासून 255 पर्यंत आकडा असतो. तिन्ही 255 झाले की पांढरा, तिन्ही शून्य झाले की काळा, आणि तिन्ही सारखे असले की करडा. नाइट लाइट चालू झाला की निळा बराच कमी होतो, हिरवाही थोडा कमी होतो, आणि पडदा पिवळसर-नारिंगी होतो. पण ध्यानात घ्या, फोटोच्या फायलीतले आकडे तसेच राहतात. बदलतो तो फक्त आपल्याला दिसणारा पडदा. म्हणजे फोटोवर रंग चढलेला नसतो, आपल्या आणि फोटोच्या मध्ये पिवळी काच आलेली असते.

आता भाच्याचे काय झाले ते पाहा. त्याला आईचा चेहरा आणि साडी पिवळट दिसली. त्याने इमानाने पिवळेपणा काढायला निळा वाढवला. पडद्यावर साडी पांढरी झाली, चेहरा ठीक झाला. परंतु छापखान्याच्या यंत्राला पिवळी काच नसते. त्याला फायलीतला जास्तीचा निळा जसाच्या तसा मिळाला आणि तोच कागदावर उतरला.

यात आपले डोळेही आपल्याला फसवतात. पिवळ्या बल्बखाली बसलो की थोड्या वेळाने पांढरा कागद आपल्याला पांढराच वाटतो, कारण डोळे आणि मेंदू त्या उजेडाला सरावतात. तसेच पिवळ्या पडद्याचे होते. तासाभराने पडदा पिवळा आहे हेच माणूस विसरतो. सराव अर्धाच झाला तर भाच्यासारखा निळा जास्त पडतो. पूर्ण झाला तरी सुटका नाही. निळा मंद झाल्यामुळे निळ्या-जांभळ्या छटांमधला फरक कळत नाही आणि फिकट पिवळा व पांढरा एकच भासतात. मोतीबिंदू वाढत गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचेही असेच असते. डोळ्यातले भिंग हळूहळू पिवळे होते, पण त्याला कळत नाही. ऑपरेशन झाले की आजी म्हणते, "अगंबाई, आभाळ एवढं निळं होतं का!"

आपल्या जिल्ह्यातच याचे एक मोठे उदाहरण आहे. अजिंठ्याची चित्रे जपावीत म्हणून निजाम सरकारने 1920 ते 1922 या काळात इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार बोलावले. सुटत चाललेले रंगाचे पापुद्रे त्यांनी भिंतीला चिकटवले आणि चित्रांवर लाखेच्या वार्निशाचा थर दिला. हेतू चांगलाच होता. पण काळाबरोबर तो थर पिवळा, तपकिरी पडत गेला आणि खालचे रंग झाकोळले. अजिंठ्यात पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी वापरलेला निळा रंग हा लाजवर्द दगडाचा. तो दगड अफगाणिस्तानाकडून व्यापाऱ्यांच्या वाटेने येई. इतक्या लांबून आणलेला निळा पिवळ्या थराखाली मळकट, हिरवट दिसू लागला. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर जपून जपून काढावा लागला आणि त्या कामात वर्षानुवर्षे गेली. आपल्या पडद्यावरचा पिवळा थरही काळजीपोटीच चढवलेला असतो. फरक एवढाच की तो एका बोटाने निघतो. मात्र तो चढलेला आहे हे आधी ध्यानात यायला हवे.

निळ्या रंगाचे नुकसान आपल्याकडे दरवर्षी एकदा डोळ्यांनी दिसते. 14 एप्रिल जवळ आला की शहरातली फ्लेक्सची दुकाने रात्र रात्र चालतात. क्रांती चौकापासून भडकल गेटपर्यंत बॅनर लागतात. त्यात पाहावे तर एका बॅनरवर बाबासाहेबांचा कोट निळा, दुसऱ्यावर जांभळा आणि तिसऱ्यावर काळपट. याला कारणे दोन. पहिले, पडद्यावरचा झगझगीत निळा शाईत उतरत नाही. छापताना निळा हा निळसर सायन आणि गुलाबी मॅजेंटा या दोन शायांतून तयार होतो, आणि गुलाबी जास्त झाली की जांभळा पडतो. म्हणून जुने कारागीर सांगतात की सायन 100 ठेवली तर मॅजेंटा 70 च्या वर नेऊ नये. दुसरे कारण म्हणजे रात्रीचा पिवळा पडदा. त्यावर निळा आधीच मळका दिसतो, म्हणून काम करणारा त्यात आणखी भर घालतो. सकाळी फ्लेक्स उलगडला की मंडळाचे कार्यकर्ते दुकानदाराशी भांडतात, दुकानदार पोरावर ओरडतो, आणि त्या पोराची मजुरी कापली जाते. पोराने रात्र जागून काम केलेले असते हो!

कोणी विचारील, मग ही सोय वाईटच का? तसे म्हणता येणार नाही. निळ्या उजेडाचा झोपेशी संबंध आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यात दिवस-रात्र ओळखणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, हे 2002 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. निळ्या उजेडाने त्या जास्त जाग्या होतात. त्यावरूनच पडदा पिवळा करण्याच्या सोयी निघाल्या. 2009 मध्ये एक स्वतंत्र प्रोग्राम आला, 2016 मध्ये आयफोनमध्ये आणि 2017 मध्ये विंडोजमध्ये ही सोय घरचीच झाली. परंतु तिचा गुण जेवढा सांगतात तेवढा दिसलेला नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने 2021 मध्ये तरुणांवर पाहणी केली, तेव्हा फोनची ही सोय चालू ठेवणाऱ्यांच्या आणि न ठेवणाऱ्यांच्या झोपेत फरक आढळला नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवरचे अनेक प्रयोग कॉक्रेन या संस्थेने 2023 मध्ये एकत्र तपासले. संगणकाने येणारा डोळ्यांचा थकवा त्या चष्म्यांनी कमी होतो असे त्यातून दिसले नाही. तेव्हा असा महागडा चष्मा कोणी गळ्यात मारत असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात आणि जवळ पाहून पाहून शिणतात. त्याला बिनखर्चाचा उपाय आहे: दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद पाहावे आणि पापण्या मिटाव्यात. मंद पिवळा पडदा डोळ्यांना बरा वाटत असेल तर वाचायला, टाइप करायला खुशाल वापरावा. रंग पारखायला मात्र तो चालत नाही.

तर रंगाचे काम करणाऱ्यांनी एवढे पाळावे. कामाला बसण्यापूर्वी नाइट लाइट बंद करावा. मोबाइलवर याच सोयीला 'आय कम्फर्ट' किंवा 'नाइट शिफ्ट' अशी नावे असतात. काही मॉनिटरमध्ये निळा कमी करण्याचे वेगळे बटण असते, तेही पाहावे. बंद केल्यावर पडदा एकदम निळा वाटेल, म्हणून पाच-दहा मिनिटे थांबून डोळ्यांना सरावू द्यावे. पडद्याचा पांढरा 6500 केल्विनवर ठेवतात. तो दिवसाच्या उजेडासारखा असतो. पिवळा बल्ब साधारण 2700 चा आणि मेणबत्ती 1900 च्या आसपास. खोलीत रंगीत दिवा नको. डोळ्यांचा भरवसा वाटत नसेल तर आकडे पाहावेत. पांढऱ्या साडीवर किंवा करड्या भिंतीवर रंग मोजायची खूण ठेवली आणि तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर रंग बरोबर. निळा बराच पुढे गेला असेल तर आपण फसलो. आकड्यांना पिवळी काच नसते. मोठा फोटो छापण्यापूर्वी लहान तुकडा छापून उन्हाच्या उजेडात पाहावा. आणि रात्री काम करणे भागच असेल तर फोटो कापणे, अक्षरे जुळवणे ही कामे रात्री उरकावीत, रंग सकाळी बघावा.

आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी भाचा पुन्हा बसला. या वेळी नाइट लाइट बंद होता आणि धाकटी भाची शेजारी होती. त्याने मूळ फोटो उघडला. पाहतो तर त्यात सुधारण्यासारखे फारसे नव्हतेच. हिवाळ्याच्या उन्हात, दारात उभी राहून हसणारी बहीण. सवयीने त्याचा हात चेहरा उजळ करायच्या बटणाकडे गेला. भाची म्हणाली, "दादा, आई एवढीच सावळी होती. राहू दे." त्याने हात मागे घेतला. ओळखीच्या फोटो स्टुडिओवाल्याने शटर अर्धे वर करून रात्री नऊ वाजता प्रिंट काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

रविवारी विहारात बहिणीच्या वयाच्या बाया एकेक करून फोटोपुढे येत होत्या. एकीने पदराने चौकट पुसली आणि म्हणाली, "बाई, आत्ता बोलंल असं वाटतंय."

मुलांनो, तुमच्या हाती दुसऱ्याच्या घरातले चेहरे येतात. कोणाची आई, कोणाची नवी नवरी, कोणाचा पहिल्यांदा शाळेत निघालेला लेकरू. ज्यांच्या घरी तो फोटो लागेल ते तो वर्षानुवर्षे पाहणार आहेत. तेव्हा त्यांच्या रंगाला हात लावण्यापूर्वी आपल्या डोळ्यांपुढची काच काढली का, एवढे एकदा बघत जा.