फोटो कुणाचा, आठवण कुणाची?



मागच्या मोर्चात आम्ही एका मारल्या गेलेल्या मुलीचा फोटो फलकावर लावला होता. प्रेत सापडले तेव्हाचा. तिची आई आमच्याबरोबर चालत होती. तिने एकदा फलकाकडे पाहिले, तोंडाला पदर लावला आणि ती मागच्या रांगेत गेली. फलक करणाऱ्यांत मीही होते.

तेव्हापासून एलिझाबेथ कॅटलेटचे एक लिनोकट सारखे आठवते आहे. अमेरिकेत गोऱ्यांचे जमाव काळ्या लोकांना फासावर लटकवत, प्रेताशेजारी उभे राहून फोटो काढून घेत आणि त्यांची पोस्टकार्डे विकली जात. मेलेल्याचे चित्रसुद्धा मारणाऱ्यांच्याच ताब्यात! कॅटलेट ही गुलामीत जन्मलेल्या आजी-आजोबांची नात. १९४६ साली ती मेक्सिको शहरात गेली आणि तिथे लोकांसाठी स्वस्त चित्रे छापणाऱ्या कलावंतांच्या गटात काम करू लागली. काळ्या बाईच्या आयुष्यावर तिने १५ लिनोकट केली. शीर्षकांतून बाई स्वतःच बोलते : मी राबले, मी लढले, मी संघटना बांधली. त्यांतल्या एका चित्रात गळ्यात दोर असलेला पुरुष जमिनीवर पडला आहे. वर नुसते पाय दिसतात, चेहरे नाहीत. शीर्षकाचा अर्थ असा : 'आणि माझ्या जिवलगांसाठी एक वेगळीच भीती'. म्हणजे हे चित्र घरी वाट पाहणारीचे आहे.

लिनोलियमवर कोरून काढाल तेवढे पांढरे राहते, उरलेले काळे छापले जाते. एका ठशातून कितीतरी प्रती निघतात. रात्र रात्र जागून पोस्टर छापणाऱ्या आपल्याजणींना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मग प्रेताचा फोटो कधीच दाखवू नये का? तसेही नाही. १९५५ साली मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिलला गोऱ्यांनी हालहाल करून मारले. शिकागोला त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवायला लावली. 'जेट' साप्ताहिकाने फोटो छापला आणि लोक पेटून उठले. पण तो निर्णय आईचा होता. आम्ही या आईला विचारलेही नव्हते.

आमचे म्हणणे एवढेच, की असा फोटो पुरावा म्हणून कोर्टात जरूर जावा. फलकावर किंवा या अंकात मात्र तो घरच्यांच्या होकाराशिवाय येऊ नये.

पुढच्या फलकाच्या बैठकीला त्या आईला बोलावले आहे. शाळेतला फोटो आणला तर चालेल का, असे तिनेच विचारले.