‘त्सू’ला घाबरता कशाला? मराठी येते ना!

जर्मन शिकायचंय, पण ‘आपलं इंग्रजी कच्चं’ म्हणून थांबलाय? मग हे वाचाच.

‘मी मशीन बंद करायला विसरलो.’

पैठणच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करून घरी आलेला कुणीही हे वाक्य सहज म्हणेल. त्यात व्याकरण आहे असं त्याला वाटणारही नाही.

आता हेच जर्मनमध्ये ऐका. ‘इख हाबे फेरगेसन, डी माशीने आउसत्सुशाल्टन.’

आमच्या बॅचमध्ये या वाक्यापाशी पाच-सहा जण अडकले. त्यातला एक आयटीआय केलेला, हाताने एकदम हुशार. क्लास सुटल्यावर पैठणच्या एसटीची वाट बघताना तो मला म्हणाला, “ताई, हे ‘त्सू’ नेमकं कुठं घालायचं? सरांनी इंग्रजीत सांगितलं, ते डोक्यावरून गेलं. आधी इंग्रजी सुधारतो, मग जर्मन बघतो.”

पुढच्या महिन्यापासून तो यायचा बंद झाला. भरलेली फी गेली ती गेलीच. त्याहून वाईट म्हणजे, ‘आपल्याला भाषा जमत नाही’ हे त्याने मनात पक्कं करून टाकलं.

माझं म्हणणं त्या एका वाक्याबद्दल आहे. ‘आधी इंग्रजी, मग जर्मन’ हा क्रम कुणी ठरवला? आणि तो आपण का पाळतोय?

तुम्हीच बघा. इंग्रजीत काय म्हणतात? ‘आय फरगॉट टू स्विच ऑफ द मशीन.’ म्हणजे आधी ‘स्विच ऑफ’, मग ‘मशीन’. मराठीत आधी ‘मशीन’, मग ‘बंद करायला’. आणि जर्मनमध्ये? आधी ‘डी माशीने’, मग ‘आउसत्सुशाल्टन’. जर्मनचा क्रम मराठीसारखा आहे, इंग्रजीसारखा नाही. आमचा तो मित्र घरातून जर्मनच्या निम्म्या वाटेवर उभा होता. आपण त्याला आधी इंग्रजीच्या गावाला पाठवलं आणि मग म्हणालो, आता उलटा ये.

या रचनेला जर्मन व्याकरणात इन्फिनिटिव्हचं उपवाक्य म्हणतात. नाव जड आहे, वस्तू हलकी आहे. क्रियापदाचं मूळ रूप शेवटी ठेवायचं आणि त्याच्या आधी ‘त्सू’ लावायचा. आपण ‘करायला’, ‘जायला’, ‘करण्याचा’ म्हणतो, तेच काम हा ‘त्सू’ करतो. क्रियापदाचे दोन तुकडे होत असतील तर तो मधे जाऊन बसतो. ‘आउस’ म्हणजे बंद, ‘शाल्टन’ म्हणजे बटण फिरवणं, आणि मधे ‘त्सू’. आपणही ‘बंद’ला काही जोडत नाही, ‘कर’ला ‘आयला’ जोडतो. तसंच आहे हे.

पुढचे तीन तर पाठच करून टाका.

‘उम… त्सू’ म्हणजे ‘-ण्यासाठी’. ‘उम इन श्टुटगार्ट त्सू आर्बायटन’ म्हणजे ‘श्टुटगार्टमध्ये काम करण्यासाठी’.

‘ओने… त्सू’ म्हणजे ‘न करता’. ‘ओने त्सू फ्रागन’, न विचारता.

‘श्टाट… त्सू’ म्हणजे ‘-ण्याऐवजी’. ‘श्टाट त्सू श्लाफन’, झोपण्याऐवजी.

शिकून झालं. इंग्रजीची गरज कुठे पडली?

आता जिथे सगळे घसरतात ती जागा. ‘तू यावंस असं मला वाटतं’ हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं? इंग्रजीतून आलेली मुलं ‘आय वाँट यू टू कम’ डोक्यात धरून चालतात आणि ‘इख विल डिख त्सू कॉमन’ असं लिहून मोकळी होतात. साफ चूक. कारण इथे माणसं दोन आहेत. इच्छा माझी, येणार तू. ‘विल’ म्हणजे ‘हवंय’, आणि ते दुसऱ्याकडून हवं असेल तर जर्मनला ‘त्सू’ चालत नाही. ‘दस’ घालून पूर्ण वाक्य करावं लागतं. ‘इख विल, दस डू कॉम्स्ट.’

आणि मराठी? ‘मला यायचंय’ हे आपण एकट्यापुरतं म्हणतो. दुसऱ्याने यावं असं वाटत असेल तर ‘मला तुला यायचंय’ असं पैठणच्या बाजारात कुणी म्हणेल का? पहिलीतलं पोरगंही हसेल. आपण लगेच ‘तू यावंस असं मला वाटतं’वर जातो. म्हणजे जो नियम जर्मनच्या पुस्तकात चौकट आखून छापतात, तो तुम्ही बोलायला लागल्यापासून पाळताय. तुम्हाला फक्त तसं कुणी सांगितलेलं नाही.

विनंती करताना किंवा सांगताना मात्र ‘त्सू’ चालतो. ‘इख बिटे डिख त्सू कॉमन’, मी तुला यायची विनंती करते. तिथेही मराठी सोबतच आहे. आपण ‘यायची विनंती’, ‘यायला सांगितलं’ असंच म्हणतो.

मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक १८७८ मध्ये हायडेलबर्गला राहिला आणि १८८० मध्ये त्याने जर्मन भाषेची खिल्ली उडवणारा निबंध छापला. क्रियापदाची वाट बघत वाक्याच्या टोकापर्यंत जावं लागतं, ही त्याची एक मोठी तक्रार. इंग्रजी बोलणाऱ्याला ते खटकणारच. पण आपण? आपण जन्मापासून क्रियापदासाठी थांबतोय. कीर्तनकार वाक्य कितीही लांबवू देत, शेवटचं ‘केलं’ की ‘नाही केलं’ येईपर्यंत अख्खा मंडप कान देऊन बसतो. ट्वेनची अडचण आपण कशाला उसनी घ्यायची?

आता मी फक्त गोड बाजू सांगितली तर तुमची फसवणूक होईल. मराठीही काही ठिकाणी पाय घसरवते.

एक, जागा. आपण ‘तुला फोन करायला मला वेळ नाही’ म्हणतो. जर्मन माणूस ‘मला वेळ नाही’ आधी सांगतो, स्वल्पविराम देतो, आणि मग ‘तुला फोन करायला’. ‘इख हाबे काइने त्साइट, डिख आनत्सुरूफन.’ डब्याच्या आतली माणसं त्याच क्रमाने बसतात, फक्त डबा इंजिनाच्या मागे जोडायचा.

दोन, प्रत्येक ‘आयला’ म्हणजे ‘त्सू’ नव्हे. ‘मी भाजी आणायला जाते’ यात ‘त्सू’ येत नाही, कारण ‘जाणं’ या क्रियापदाला तो लागत नाही. ‘शकणं’, ‘हवं असणं’, ‘लागणं’ या घरातल्या क्रियापदांनाही लागत नाही. ‘इख विल कॉमन.’ झालं, संपलं.

तीन, ‘-ण्यासाठी’ आपण सैल हाताने वापरतो. ‘मुलाला जर्मनीला जाण्यासाठी वडिलांनी कर्ज काढलं’ हे आपल्याला चालतं. जर्मनला चालत नाही. कर्ज काढणारे वडील, जाणार मुलगा, म्हणजे माणसं दोन. तिथे ‘उम… त्सू’ बाद, ‘डामिट’ घ्यायचा. मनातल्या मनात वाक्य बदलून बघा: ‘मुलगा जर्मनीला जावा म्हणून वडिलांनी कर्ज काढलं.’ जिथे ‘जावा म्हणून’ बसतं तिथे ‘डामिट’. चूक मराठीने केली, दुरुस्तीही मराठीनेच दिली.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांचं उद्दिष्ट जाहीर झालं. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशा कामांची नावं त्यात होती. याच कामांत आपल्या तालुक्यातली पोरं-पोरी आहेत, आणि त्यातले बहुतेक मराठी माध्यमातून शिकलेत. नर्सिंगसारख्या कामाला साधारण बी२ पातळीपर्यंत जर्मन लागतं. ‘त्सू’चं हे प्रकरण त्याच्या बरंच आधी, ए२ संपून बी१ सुरू होताना समोर येतं. गळती इथेच सुरू झाली तर करार कितीही मोठा असो, त्याचा फायदा ज्यांचं इंग्रजी आधीच चांगलं आहे त्यांनाच होणार.

लोक म्हणतील, वर्गात जर्मनच बोलली पाहिजे, मराठीत शिकवलं तर तोंड उघडणार कधी? मुद्दा खरा आहे. वर्गात बोलायचं ते जर्मनमध्येच. पण नियम समजावताना शिक्षक कुठल्या तरी दुसऱ्या भाषेचा आधार घेतातच ना? आज तो आधार इंग्रजीचा आहे. दिवसातली ती दहा मिनिटं मराठीला द्या, एवढंच मागणं आहे.

दुसरं म्हणतील, तिकडे गेल्यावर इंग्रजी उपयोगी पडतंच. पडू दे की. शिका इंग्रजीही. फक्त जर्मनच्या दारावर तिला पहारेकरी म्हणून उभं करू नका.

आणि पैठणकरांनी तरी हा न्यूनगंड बाळगू नये. ज्ञान लोकांच्या भाषेत आणायचं म्हणजे काय, ते आपल्याच गावच्या नाथांनी भागवत मराठीत आणून दाखवलं. आपलं हे गाव म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. त्या घराण्यातल्या हाल राजाच्या नावावरची ‘गाथा सप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे, मराठीच्या आजीच्या भाषेत म्हणा ना. ती जगापुढे नीट संपादित करून कुणी आणली? आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने. १८८१ मध्ये त्याची आवृत्ती लाइपझिगला छापली गेली. पुढे गुंथर सोन्थायमर आले. त्यांनी महाराष्ट्रात फिरून खंडोबाचा, बिरोबाचा, धनगरांच्या मौखिक परंपरेचा अभ्यास केला आणि हायडेलबर्गला शिकवलं. हायडेलबर्ग कुठे आहे? बाडेन-व्युर्टेंबर्गमध्येच.

ते लोक आपल्या भाषेपर्यंत थेट आले. मग आपण त्यांच्या भाषेपर्यंत वळसा घालून का जायचं?

सरकारला आणि क्लासवाल्यांना एवढंच सांगायचंय की मराठीतून समजावणारं जर्मन व्याकरणाचं चाळीस-पन्नास पानांचं पुस्तक करा. मराठी कुठे मदत करते आणि कुठे फसवते, दोन्ही त्यात लिहा. शिकवणाऱ्यांना त्याची तयारी द्या. याला फार मोठा खर्च नाही.

आणि तुम्ही पुस्तकाची वाट बघत बसू नका. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर रोज तीन मराठी वाक्यं लिहा, तुमच्या कामातली, घरातली. ‘पाणी भरायला विसरले.’ ‘न जेवता झोपलो.’ ‘पैसे वाचवण्यासाठी एसटीने जातो.’ उजव्या पानावर त्यांचं जर्मन. माणूस एक की दोन, एवढं आधी विचारा. एक असेल तर ‘त्सू’, दोन असतील तर ‘दस’ किंवा ‘डामिट’. हा चाकोरीतला नियम, अपवाद शेजारी लाल पेनाने लिहायचे.

मी अशी वही केली. त्या मित्रालाही परवा फोन करून सांगितलं. म्हणाला, “ताई, हे एवढंच होतं?”

एवढंच नाही, पुढे बरंच आहे. पण सुरुवात एवढीच होती. तो परत येतो का बघू. तुम्ही मात्र सोडून जाऊ नका.